उतारावरच्या प्लॉटची माती खाली चाललीय, पाऊस तोंडावर आलाय, काय करू? (सातारा, कास रोडची बाजू)

कंदी_पेढा
२७ मे, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. साताऱ्यातनं कास रोडनं वर निघालं की यवतेश्वरच्या डोंगराच्या पायथ्याला आपली ११ गुंठे जागा हाय. वडिलांनी लई वर्षांपूर्वी घेऊन ठेवलेली, आता लोन काढून घर बांधायला घेतलंय. जागा उताराची, म्हणून मागच्या अंगाला जेसीबी लावून ९ फूट उभं कटिंग मारलं आणि निघालेली सगळी माती-मुरूम पुढच्या अंगाला खाली ढकलला. कॉन्ट्रॅक्टर म्हणला भराव आपोआप होतोय, फुकटात अंगण मिळंल. मला पण बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

परवा वळीव आला, पाऊण तास पण नसंल. काल सकाळी जाऊन बघतोय तर भरावाला बोटभर बोटभर ओघळी पडलेल्या आणि मधोमध एक घळ, माझा पाय घोट्यापर्यंत आत जाईल एवढी. खाली एक आजी राहतात, त्यांचा जनावरांचा हौद हाय, त्यात निम्म्यापर्यंत तांबडा चिखल. आजींनी काठी आत घालून वर काढली आणि माझ्यासमोर धरली. म्हणाल्या, घर बांध बाबा, पर तुझा डोंगूर माझ्या हौदात नगं. मान वर करायला जागा राहिली नाही.

कॉन्ट्रॅक्टर आता म्हणतोय खालच्या कडेला १० फुटी भिंत घालू, सगळं थांबंल. खर्च ऐकून झोप उडालीय. पाऊस पंधरा-वीस दिवसांवर आलाय. आधी भिंत घालू का काय करू?

डबरफोड
२७ मे, रात्री ११:०५

भिंत नको राव आत्ता. ओल्या ढिल्या भरावावर भिंत म्हणजे भिंतीसकट आजींच्या हौदात.

मुरूमदादा
२८ मे, सकाळी ६:५०

२२ वर्षं घाटरस्त्याच्या कामावर काढली, त्यावरनं सांगतोय, साईट न बघता सांगतोय हे पण ध्यानात घ्या.

पहिलं म्हणजे भिंतीचा विषय बाजूला ठेवा. तुमची भानगड मातीची नाही, पाण्याची आहे. माती बिचारी पाणी नेईल तिकडं जाते. तेव्हा उद्या साईटवर जाऊन थोडा अभ्यास करा आणि इथं लिहा, मग बोलू. उतार मोजा, त्याला काही यंत्र लागत नाही, गवंड्याकडं पाण्याची पारदर्शक नळी असती ती घ्या, ६० फुटात किती फूट उतरतंय ते बघा. उघड्या मातीची लांबी वरनं खालपर्यंत किती ते मोजा. मग प्लॉटच्या वर डोंगरात चढून जा आणि बघा की कुठनं कुठलं पाणी तुमच्या कटिंगवर येतंय, हे तर बऱ्याच जणांना सुचतच नाही, लोक फक्त स्वतःच्या हद्दीतलं पाणी मोजतात. कटिंगच्या वर चार-पाच फुटांवर जमिनीला भेग पडलीय का, झाडं-खांब तिरके झालेत का बघा. आणि कटिंगच्या तोंडावर थर नीट बघा, कुठं ओल दिसतीय का.

अजून एक, भरावातली मूठभर माती पाण्याच्या बाटलीत टाकून हलवा आणि ठेवून द्या. रेती मिनिटात बसती, गाळ काही तासांत, चिकणमाती दुसऱ्या दिवशी पण पाणी गढूळ ठेवती. काय होतंय ते सांगा.

हळदबाजार
२८ मे, सकाळी ९:२०

सांगलीतनं लिहितोय, शिक्षण शेतीचं, नोकरी भलतीच. माती किती वाहून जाईल याचा अंदाज काढायचं एक जुनं गणित आहे, युनिव्हर्सल सॉईल लॉस इक्वेशन, अमेरिकेच्या कृषी खात्याचं. त्याचं जे हॅंडबुक सगळे वापरतात ते १९७८ चं. पाऊस, मातीचा प्रकार, उताराची लांबी आणि चढ, वरचं आच्छादन, आणि आपण केलेले बांध-बिंध, या सगळ्यांचा गुणाकार. मजा अशी की पाऊस आणि मातीचा प्रकार तुमच्या हातात नाही, बाकीचं आहे. आणि गुणाकार असल्यामुळं हातातलं एक जरी शून्याकडं नेलं तरी उत्तर खाली येतं.

चढ १० टक्क्यांवरनं २० टक्के झाला तर माती दुप्पट नाही, जवळजवळ तिप्पट जाते. लांबी दुप्पट झाली तर तेवढ्याच जागेतनं साधारण १.४ पट. म्हणजे १२० फुटाचा एक सलग उतार ठेवण्यापेक्षा मधे पायरी टाकून ६०-६० चे दोन केलेले बरे. आणि उघडी माती १ धरली तर पेंढ्यानं नीट झाकलेली दहावा हिस्सा किंवा अजून कमी, उतार फार खडा नसेल तर.

फक्त हे गणित पृष्ठभागावरच्या धुपीचं आणि बारीक ओघळींचं आहे. घळ पडली किंवा भराव बसला-सरकला तर ते यात येत नाही.

कंदी_पेढा
२९ मे, रात्री ९:१५

करून आलो सगळं. ६० फुटात १२ फूट उतार, म्हणजे १ ला ५. वरनं खालपर्यंत १२० फूट. वरच्या डोंगराचं साधारण एक एकराचं पाणी एका पायवाटेवरनं नीट आपल्या कटिंगच्या मधोमध येतंय, गुरांची वाट आहे ती, घासून घासून तिचाच पाट झालाय. भेग नाही, नीट बघितली, गवत बाजूला करून बघितली. बाटलीतली रेती लगेच बसली, तिसरा हिस्सा असंल, पण आज सकाळी पण पाणी चहासारखंच.

एक गोष्ट सांगायची राहिली. कटिंगच्या तोंडावर खालनं तीनेक फुटावर फूटभर जाडीचा तांबडा पट्टा आहे, वरखाली मांजऱ्या खडक आणि मधे हा. बोट दाबलं तर लोण्यागत आत जातंय. त्याच्या वरच्या कडेला सगळी ओल, मे महिन्यात.

मुरूमदादा
२९ मे, रात्री १०:०२

हा पट्टा आपल्या सह्याद्रीत जागोजागी आहे. लाव्हाचा एक थर झाला, त्याच्यावर दुसरा यायच्या आधी मधे जी माती झाली ती भाजून तांबडी झाली, म्हणून तसा रंग. ती चिकणमाती असती, पाणी खाली जाऊ देत नाही, मग वरनं मुरलेलं पाणी तिच्या डोक्यावरनं आडवं चालत येतं आणि जिथं कापलंय तिथं बाहेर पडतं. आज नुसती ओल आहे, जुलैत झिरप दिसंल. नऊ फूट उभं कटिंग आणि पायात हा पट्टा, मला हे आवडलेलं नाही. वरचा खडक पट्ट्यावर बसलेला आहे आणि पट्टा ओला होऊन निसटायला लागला तर वरचं पण येतं.

कामगारांची खोपटी कुठं आहेत? ते आधी सांगा.

कंदी_पेढा
२९ मे, रात्री १०:०९

कटिंगला टेकून. वारा लागत नाही म्हणून तिथं घातलीत. दोन कुटुंबं आहेत, लहान पोरं पण.

मुरूमदादा
२९ मे, रात्री १०:११

उद्या सकाळी पहिलं काम ते. कटिंगच्या उंचीच्या दुप्पट तरी लांब हलवा, बाजूला घ्या, खाली भरावावर नको. बाकी मातीचं नंतर बघू.

कंदी_पेढा
३० मे, दुपारी १:३०

हलवली. शेजारच्या पडक्या गोठ्यात सोय केली, मालकानं पैसे पण घेतले नाहीत.

माणदेशी
३० मे, दुपारी ४:४५

मी सांगतो आमच्या माणमधला उपाय, एकदम सोपा. वॉटर कपला, म्हणजे पाणी फाउंडेशनच्या गावागावांतल्या स्पर्धेला, आम्ही गावोगाव सलग समतल चर खणले, दीड फूट खोल दोन फूट रुंद, ए-फ्रेम किंवा हायड्रोमार्कर या पातळी बघायच्या साध्या साधनांनी समपातळी आखायची आणि आडवं खणत जायचं. कोरेगावच्या वेळूनं २०१६ ला पहिला नंबर मारला तो असल्याच कामावर. डोंगरावरनं येणारा थेंब न थेंब अडतो. तुमच्या प्लॉटच्या वर डोंगरात तसे चार चर मारा, पाणीच खाली येणार नाही, प्रश्न मिटला.

मुरूमदादा
३० मे, संध्याकाळी ६:२०

माणदेशी भाऊ, कामाला सलाम, पण इथं ते करू नका. इथंच बरेच जण चुकतात म्हणून जरा लांबवर लिहितो.

माणला पाऊस पाचशे मिमीच्या आतबाहेर, तिथं पाणी जमिनीत मुरवायचंच आहे, विहिरीला ते पाहिजेच. इकडं पश्चिमेला पाऊस भलताच, महाबळेश्वरला वर्षाला पाच हजाराच्या वर, कासला बी काय कमी नाही. आता ओल्या तांबड्या पट्ट्यावर बसलेल्या नऊ फुटी कटिंगच्या डोक्यावर तुम्ही पाणी अडवून मुरवायला लागलात तर ते पाणी सरळ त्या पट्ट्यावर येऊन बसणार. धूप थांबंल आणि दरड येईल. इथं पाणी मुरवायचं नाही, वळवायचं.

कटिंगच्या वरच्या कडेपासनं दहा-बारा फूट अंतर सोडून चर घ्या, समपातळीत नाही, १०० फुटाला एक फूट उतार देऊन, आणि पाणी बाजूच्या नैसर्गिक ओढ्याला नेऊन सोडा. चराच्या तळाला प्लास्टिक कागद टाकून वर दगड लावा म्हणजे मुरणार नाही. किती पाणी येईल ते बघा, एक एकर म्हणजे साधारण ४,०४७ चौरस मीटर, तासाला ५० मिमीचा दणका झाला तर दोन लाख लिटर, निम्मं वाहिलं तरी लाखभर. टँकरच्या भाषेत १० हजारी दहा टँकर, एका तासात, तुमच्या कटिंगवर. दोन फूट रुंद दीड फूट खोल चर हे पाणी सहज नेतो, फक्त मधे कुठं माती पडून तुंबता कामा नये.

माणदेशी
३० मे, संध्याकाळी ७:०५

हे मला खरंच माहिती नव्हतं. आमच्याकडं मुरलं की पुण्य. पण भरावाच्या खालच्या कडेला तरी चर?

मुरूमदादा
३० मे, संध्याकाळी ७:१६

भरावावर पण नको, ढिला भराव भिजला की बसतो. खाली सपाटीवर गाळ धरायला खड्डा चालंल.

जावळीची_लेक
३१ मे, सकाळी ११:००

दादा, मेढ्याजवळ आमचं घर बांधताना असंच झालं होतं, म्हणून दोन गोष्टी सांगते. आम्ही हिरवी शेडनेट बांबूला बांधून खाली लावली, पहिल्या पावसात आडवी. कारण खाली पुरलीच नव्हती, पाणी खालनं घुसलं. नंतर खताच्या पोत्यांचं विणलेलं कापड शिवून घेतलं, सहा इंच चर खणून त्यात गाडलं, माती दाबली, आणि दोन्ही टोकं डोंगराकडं वर वळवली, म्हणजे पाणी बाजूनं पळून जात नाही. एक ध्यानात ठेवा, ते आडव्या पसरून येणाऱ्या पाण्याला आहे. ज्या घळीतनं पाणी जोरात येतं तिच्या तोंडाला आडवं लावलं की फाटणारच, तिथं दगडाचे छोटे बांध लागतात.

दुसरं, पेंढा. आमच्याकडं भात आहे त्यामुळं पेंढा मिळाला. तुमच्याकडं?

हळदबाजार
३१ मे, सकाळी ११:४०

पेंढा कशाला, उसाचं पाचट आहे की! कराडकडनं ट्रॉलीभर आणा, जाळतात नाहीतर. एकराला दोन टन हा साधारण हिशोब, म्हणजे पाच गुंठ्याचा उतार असेल तर पाव टन. नुसतं टाकू नका, वाऱ्यानं-पाण्यानं घसरतं, पावलानं दाबून घ्या किंवा बांबूच्या खुंट्या मारून वरनं सुतळीची जाळी ओढा. खाली ताग आणि बाजरीचं बी फोकून द्या, पाऊस पडला की चार-पाच दिवसांत उगवती. वाळ्याची रोपं कायमची, पण एकमेकांना चिकटून कुंपण व्हायला एक हंगाम जातो, यंदाच्या भरवशावर राहू नका.

डबरफोड
३१ मे, दुपारी २:१५

घळीत दगडी बांध घालताना मधला भाग कडेपेक्षा सहा इंच खाली ठेवा, नाहीतर पाणी कडेनं जाऊन दोन नवीन घळी करतं. अंतर असं की खालच्या बांधाचा माथा आणि वरच्याचा पाया एका पातळीत. तुमचा उतार १ ला ५, दोन फुटी बांध असेल तर दहा फुटाला एक.

आणि गेटवर डंपर जिथनं रस्त्याला लागतो तिथं ५० फूट डबराचा पट्टा टाका. चाकाची माती कास रोडवर पडती, शनिवार-रविवारी पोरं बुलेट घेऊन वर जातात, ओल्या मुरमावर घसरली तर त्याचं पाप आपल्याला. बारीक खडी नको, ती चाकातच अडकती, दोन-तीन इंची दगड पाहिजे.

पाचगणीवाला
३१ मे, रात्री ८:५०

परवानगीचं कुणीच बोललं नाही. मुरूम बाहेर नेला तर रॉयल्टी, म्हणजे सरकारी शुल्क, भरली का? आणि १ ला ५ हा आकडा पुण्याच्या टेकड्यांच्या वादात सगळ्यांनी ऐकलाय, त्याच्यापेक्षा खड्या उतारावर बांधकाम चालत नाही. आमच्याकडं तर महाबळेश्वर-पाचगणी २००१ पासनं इको-सेन्सिटिव्ह झोन आहे, जेसीबी दिसला की गावभर चर्चा.

कंदी_पेढा
३१ मे, रात्री ९:३०

कागद सगळे आहेत, आर्किटेक्टकडं फाईल आहे. मुरूम बाहेर नेलाच नाही, तिथंच तर सगळं नडलंय.

माणदेशी
२ जून, सकाळी ८:१०

एक विचारू का, २०२१ ला पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं दरडी आल्या, त्या पण असल्याच कटिंगनं का? महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिमी झाला होता त्याच दिवसांत.

मुरूमदादा
२ जून, सकाळी ९:००

त्याला लगेच बांधकामाशी जोडू नका. एवढा पाऊस पडला की न कापलेले डोंगर पण येतात. म्हणून तर म्हणतोय, धूप आणि दरड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. धुपीला पाचट, ताग, पोत्याचं कापड पुरतं. दरडीला पुरत नाही. जिऑलॉजिकल सर्व्हेच्या भूकोश पोर्टलवर दरडीचा धोका दाखवणारे नकाशे बघायला मिळतात, आपला डोंगर कुठल्या रंगात आहे ते बघा, पण नकाशात हिरवा आहे म्हणून नऊ फूट उभं कापायचं लायसन मिळत नाही. कटिंगला मधे साडेचार फुटावर तीन फुटाची पायरी करा, तोंड जरा मागं झुकवा, ओल येती तिथं आडवे भोकाचे पाईप टाका. आणि हे जिओटेक वाल्याला, म्हणजे माती-खडक तपासणाऱ्या इंजिनियरला, दाखवून करा, माझ्या शब्दावर नको.

भिंत नंतर, दिवाळीनंतर. तेव्हा पण तिच्यात पाच-पाच फुटावर पाईप आणि मागं दगडाची भरती पाहिजे. मागं माती ठोकून भरली की पाणी अडतं आणि भिंतीला मातीबरोबर पाण्याचं पण वजन बसतं.

कंदी_पेढा
१९ जून, रात्री १०:३०

अपडेट. जिओटेकचा माणूस येऊन गेला, पायरी केली, पाईप टाकले. वरचा चर झाला, पाचट टाकलं, कापड गाडलं, गाळाचा खड्डा खणला. भरावाचा वरचा ढिला थर काढून नऊ-नऊ इंचाच्या थरात रोलर फिरवून परत घातला, कॉन्ट्रॅक्टरनं कुरकुर केली पण केलं.

एक घोळ झाला. चराचं पाणी ओढ्यात सोडलं तिथं शेवटी चार फुटाचा पडाव राहिला. काल रात्रीच्या पावसात पाणी धबधब्यागत पडून तिथं एवढा खड्डा पडलाय की गाडीचं चाक बसंल. आपणच नवीन घळ तयार केली.

डबरफोड
१९ जून, रात्री १०:४४

सगळ्यांचं होतं. तोंडाला दगडी पिचिंग करा, म्हणजे दगड रचून बसवा, पायऱ्या पायऱ्यांनी उतरवा, खाली मोठे डबर टाकून पाण्याचा जोर मोडा. सिमेंटची गुळगुळीत घसरगुंडी करू नका, पाणी अजून जोरात जाईल.

जावळीची_लेक
२० जून, सकाळी ७:३०

कापडामागं तिसरा हिस्सा गाळ साठला की काढत जा दादा. आणि प्रत्येक मोठ्या पावसानंतर एक फेरी, चर तुंबलाय का बघायला. आमचा एकदा नुसत्या सागाच्या पानांनी तुंबला होता.

कंदी_पेढा
२४ जुलै, संध्याकाळी ७:००

गेले आठ दिवस सूर्य दिसला नाही. ताग कंबरेएवढा झालाय, बाजरी पण. पट्ट्यातल्या पाईपातनं करंगळीएवढी धार चालू आहे, स्वच्छ पाणी, गढूळ आलं तर लगेच कळवा असं जिओटेकवाल्यानं बजावलंय. कटिंगवरनं दोन पाट्या मुरूम पडलाय, बाकी ठीक. ओढ्यातलं पिचिंग जाग्यावर आहे.

बाटलीत जे दिसलं ते खरं निघालं, गाळाच्या खड्ड्यात रेती बसती पण बाहेर जाणारं पाणी अजून तांबूसच असतं. ते आता आजींच्या हौदाकडं जात नाही, बांधाच्या कडेनं गवतातनं फिरवलंय, तिथं बरंच निवळतं.

आज खड्डा साफ केला, ३१ घमेली निघाली. आजी काठी टेकत वर आल्या, बराच वेळ बघत उभ्या राहिल्या, मला वाटलं आता परत ऐकावं लागणार. तर म्हणाल्या ह्यातली दहा घमेली माझ्या अळूच्या वाफ्याला टाक, हौदातली म्या आधीच टाकलीय, चांगलं आलंय. कॉन्ट्रॅक्टरला म्हणलं घ्या घमेलं.